शोकातल्या कुटुंबाने उमेदवारावर टीका केली तर? ट्रम्प-खान वादाबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी इराकमध्ये मारल्या गेलेल्या कॅप्टन हुमायून खानच्या आईवडिलांशी जाहीर भांडण ओढवून घेतलं. राजकीय पंडितांनी ‘आता हा माणूस संपला’ असं सांगितलं, आणि तीन महिन्यांनी तोच माणूस निवडून आला. मग शहिदाच्या घरच्यांच्या नादी लागू नये, हा प्रचारातला नियम खरा आहे की नुसतं सोवळं? आणि तुम्ही ज्यांचा सोशल मीडिया सांभाळता त्या उमेदवारावर अशी वेळ आली, तर उत्तर द्यायचं की गप्प बसायचं?

मी बरीच वर्षं उमेदवारांची भाषणं आणि निवेदनं लिहून देतो, आणि त्यांनी रात्री अकरा वाजता रागाच्या भरात लिहिलेल्या पोस्टी सकाळपर्यंत अडवून धरतो. कामाचा बराचसा भाग साताऱ्या-सांगलीकडचा. तिथे अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, जिथे घराघरातून फौजेत माणूस गेलेला असतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. नियम खरा आहे असं माझं मत आहे. पण तो बहुतेक वेळा चुकीच्या रूपात सांगितला जातो, आणि म्हणून ‘ट्रम्प तर जिंकले की’ या एका वाक्याने मोडल्यासारखा वाटतो.

‘उत्तर द्यायचं की नाही’ हा खरा प्रश्नच नव्हे. अशा कुटुंबाच्या बोलण्यात बहुतेक वेळा दोन गोष्टी गुंतलेल्या असतात: एक त्यांचं दुःख आणि दुसरं त्यांचं म्हणणं. म्हणण्याला उत्तर देता येतं, अनेकदा द्यावंच लागतं. दुःखाला हात लावायचा नसतो. ट्रम्प यांनी २०१६ च्या जुलैअखेर नेमकं उलटं केलं, आणि ते कसं केलं हे बारकाईने बघण्यासारखं आहे.

आधी घटना. हुमायून खानचा जन्म संयुक्त अरब अमिरातीतला, आईवडील मूळ पाकिस्तानी. कुटुंब अमेरिकेत आलं, मुलगा व्हर्जिनिया विद्यापीठात शिकला आणि तिथूनच सैन्यात अधिकारी झाला. ८ जून २००४ रोजी इराकमध्ये बाकुबाजवळच्या तळाच्या फाटकाकडे एक संशयास्पद टॅक्सी येताना दिसली. त्याने आपल्या सैनिकांना मागे थांबायला सांगितलं आणि स्वतः पुढे गेला. स्फोट झाला. वय २७. मरणोत्तर ब्राँझ स्टार आणि पर्पल हार्ट (लढाईत जखमी झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या सैनिकाला देतात ते पदक) मिळालं, आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला पुरण्यात आलं. तिकडे अशा कुटुंबाला ‘गोल्ड स्टार’ कुटुंब म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून, घरातलं कोणी लढाईवर असेल तर खिडकीत निळ्या चांदणीचं निशाण लावत आणि तो मारला गेला की निळ्याच्या जागी सोनेरी चांदणी येई. आपल्याकडे वीरमाता, वीरपिता म्हणताना लोकांचा आवाज जसा खाली येतो, तसंच तिथेही आहे. डेमोक्रॅट असो वा रिपब्लिकन, या लोकांसमोर सगळेच उभे राहतात.

२८ जुलै २०१६ रोजी, फिलाडेल्फियातल्या डेमोक्रॅटिक अधिवेशनाच्या शेवटच्या रात्री, हुमायूनचे वडील खिझ्र खान पत्नी गझाला यांच्यासोबत मंचावर आले. भाषण सहा-सात मिनिटांचं. खान स्वतः वकील, हार्वर्डमधून कायद्याची पदव्युत्तर पदवी घेतलेले. त्यांनी कोटाच्या खिशातून संविधानाची छोटी प्रत काढली, ट्रम्प यांनी ती कधी वाचली आहे का असं विचारलं, आणि हवी तर माझी प्रत देतो म्हणाले. त्यात ‘स्वातंत्र्य’ आणि ‘कायद्याचं समान संरक्षण’ हे शब्द शोधा, असं सांगितलं. मग आर्लिंग्टनचा उल्लेख केला. तिथे सगळ्या धर्मांचे, वंशांचे लोक पुरलेले आहेत, तुम्ही मात्र काहीच आणि कोणालाच गमावलेलं नाही, अशा अर्थाचं वाक्य त्यांनी ट्रम्प यांना उद्देशून टाकलं.

आता त्यातले दोन पदर वेगळे करून बघा. पहिला राजकीय. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रम्प यांनी मुस्लिमांना अमेरिकेत प्रवेश पूर्णपणे बंद करण्याची मागणी केली होती. खान यांचा मुद्दा असा की तसं धोरण असतं तर माझा मुलगा या देशात आलाच नसता. दुसरा पदर त्यागाचा. आम्ही मुलगा दिला, तुम्ही काय दिलंत?

पहिल्या पदराला ट्रम्प यांच्याकडे उत्तर नव्हतं असं समजू नका. पक्षाची उमेदवारी स्वीकारतानाच्या भाषणात, म्हणजे आठवडाभर आधी, त्यांनी धर्माऐवजी दहशतवादाने ग्रासलेल्या देशांमधून येणाऱ्यांना थांबवण्याची भाषा सुरू केली होती. ‘माझं धोरण धर्मावर नाही, देशांवर आहे’ हे उत्तर तयार होतं. लोकांना ते पटलं असतं की नाही हा भाग वेगळा. दुसरं उत्तर त्याहून धारदार होतं. ज्या युद्धात हा मुलगा गेला, त्या युद्धाला मंजुरी देणाऱ्या ठरावाच्या बाजूने २००२ मध्ये सिनेटमध्ये मत दिलं होतं हिलरी क्लिंटन यांनी. हा मुद्दा ट्रम्प यांनी दोन-तीन दिवसांनी ट्विटरवर मांडलाही, पण तोवर त्यांनी स्वतःच वादाचा विषय बदलून टाकला होता.

तो विषय बदलला एबीसी वाहिनीच्या मुलाखतीत. जॉर्ज स्टेफनोपोलस यांनी खान यांच्या भाषणाबद्दल विचारलं. ट्रम्प म्हणाले, हे कोणी लिहून दिलं, हिलरीच्या लेखकांनी? त्यागाबद्दल विचारल्यावर म्हणाले, मी खूप कष्ट करतो, हजारो लोकांना नोकऱ्या दिल्या, इमारती उभ्या केल्या. आणि मग अधिवेशनाच्या मंचावर डोक्यावर ओढणी घेऊन नवऱ्याशेजारी उभ्या राहिलेल्या गझाला यांच्या विषयाकडे वळले. ती काही बोलली नाही, कदाचित तिला बोलायची परवानगी नसेल, तुम्हीच सांगा, अशा अर्थाचं.

या एका वाक्यावर मी एखाद्या प्रशिक्षण वर्गात अख्खा तास घालवीन. आरोप काय होता? हा माणूस मुसलमानांकडे पूर्वग्रहाने बघतो. उत्तर काय दिलं? मुसलमान बाई गप्प आहे म्हणजे नवरा बोलू देत नसणार. आरोपाचा पुरावा स्वतःच्या तोंडाने दिला, तोही राष्ट्रीय वाहिनीवर. शिवाय ‘तुम्हीच सांगा’ हे शेपूट. ज्याला थेट म्हणायचं धाडस नसतं तो असं म्हणतो, आणि ते कोणत्याही भाषेत तसंच ऐकू येतं.

त्यात ज्यांनी मंचावर एक शब्दही उच्चारला नव्हता, त्या आईला बोलायचं कारण मिळालं. ३१ जुलैला गझाला खान यांचा लेख वॉशिंग्टन पोस्टमध्ये आला. मागे मुलाचा एवढा मोठा फोटो असताना मला स्वतःला सावरता येत नव्हतं, कोणत्या आईला आलं असतं, असं त्यांनी विचारलं. त्याचे फोटो असलेल्या खोलीत जाणं अजून जमत नाही हेही लिहिलं. बोलायचं आहे का असं नवऱ्याने आधी विचारलं होतं, मीच नको म्हटलं, हेही. आणि २००४ च्या मदर्स डेला झालेलं शेवटचं बोलणं. जपून राहा, माझ्यासाठी हिरो होऊ नकोस, नुसता माझा मुलगा राहा, असं त्या म्हणाल्या होत्या. त्याचं उत्तर होतं की हे माझे सैनिक आहेत, त्यांची काळजी मलाच घ्यायची आहे. या लेखानंतर ट्रम्प यांच्याकडे बोलण्यासारखं काय उरलं होतं? कोणी कितीही हुशार लेखक आणून बसवला असता तरी त्यावर प्रत्युत्तर लिहिता आलं नसतं.

हा लेख यायच्या आदल्या, शनिवारच्या रात्री ट्रम्प यांच्या कार्यालयाने निवेदन काढलं होतं. सुरुवात बरी होती: कॅप्टन खान देशाचा हिरो आहे, वगैरे. आणि त्याच निवेदनात पुढे असं की, मी संविधान वाचलं नाही असं कोट्यवधी लोकांसमोर सांगण्याचा खिझ्र खान यांना काही हक्क नाही. संविधानाची प्रत हातात धरून बोललेल्या माणसाला ‘बोलण्याचा हक्क नाही’ म्हणणं! ज्याने कोणी ते लिहिलं त्याने ते एकदा मोठ्याने वाचून बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी ट्वीट केलं की माझ्यावर जहरी हल्ला झाला, मला उत्तर द्यायचाही अधिकार नाही का? अधिकार होताच. कोणी नाकारलाही नव्हता.

इथे दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे एकतर्फी होईल. खिझ्र खान काही नुसते रडणारे वडील नव्हते. ते विचार करून राजकीय मंचावर आले होते, त्यानंतर वाहिन्यांवर ट्रम्प यांच्याबद्दल खूप कडक बोलले, त्यांचा आत्मा काळा आहे इथपर्यंत गेले. पॉल रायन आणि मिच मॅककॉनेल या रिपब्लिकन नेत्यांनी ट्रम्पना नाकारावं असं त्यांनी जाहीर आवाहन केलं. ऑक्टोबरमध्ये क्लिंटन यांच्या जाहिरातीतही दिसले. अशा माणसाच्या राजकीय मतांना उत्तर देणं अगदी रास्त आहे. मुलगा गमावला म्हणून धोरणाबद्दलचं प्रत्येक मत बरोबर ठरत नाही. पण ट्रम्प त्यांच्या मतांशी भांडलेच नाहीत. ते त्यांच्या संसाराशी भांडले.

आता किंमत. तुमचा युक्तिवाद असा की जिंकले म्हणजे किंमत शून्य. त्या आठवड्यात काय काय हातातून गेलं ते बघा. २९ जुलैला, म्हणजे खान यांच्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी, अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचे आकडे आले. दुसऱ्या तिमाहीत वाढीचा वार्षिक दर जेमतेम १.२ टक्के, अपेक्षेपेक्षा खूपच कमी. सत्ताधारी पक्षाविरुद्ध लढणाऱ्या उमेदवाराला याहून चांगली भेट कोण देणार? त्याआधीच्या आठवड्यात विकिलीक्सने डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल फोडले होते आणि पक्षाच्या अध्यक्ष डेबी वासरमन शुल्ट्झ यांना जावं लागलं होतं. पुढच्या काही दिवसांत ओबामा सरकारने इराणला रोख पाठवलेल्या ४० कोटी डॉलरची बातमी आली. हे तीनही मुद्दे पहिल्या पानावर चालवायचे होते. चाललं काय? खान.

आणखी एक गोष्ट प्रचारात काम करणाऱ्यालाच टोचेल. अधिवेशनाची शेवटची रात्र क्लिंटन यांची होती, उमेदवारी स्वीकारायची रात्र. एरवी आधी बोललेल्या वकील गृहस्थाचं भाषण दोन दिवसांत विसरलं गेलं असतं, फार तर कोणी तरी यूट्यूबवर बघितलं असतं. त्याला आठवडाभराचं आयुष्य दिलं ते विरोधी उमेदवाराने.

आग मग घरात शिरली. ट्रम्प यांच्याच पक्षाचे सिनेटर जॉन मॅककेन, जे स्वतः व्हिएतनाममध्ये युद्धकैदी होते आणि ज्यांच्या कैदेवर ट्रम्प यांनी वर्षभर आधी शेरा मारला होता, त्यांनी लांबलचक निवेदन काढून निषेध केला. रायन, मॅककॉनेल यांनी अंतर राखलं. माजी सैनिकांची मोठी संघटना व्हीएफडब्ल्यू हिने बजावलं की निवडणुकीचं वर्ष असो वा नसो, गोल्ड स्टार कुटुंबाचा अपमान खपवून घेणार नाही. त्याच काळात वर्तमानपत्रांनी ट्रम्प यांना व्हिएतनामकाळात सक्तीच्या लष्करी भरतीतून मिळालेल्या पाच सवलती पुन्हा बाहेर काढल्या: चार शिक्षणासाठी, एक पायातल्या हाडाच्या तक्रारीसाठी. त्याग हा विषय तुम्ही स्वतः ताणलात की पत्रकार तुमचा त्याग मोजायला बसणारच. २ ऑगस्टला व्हर्जिनियातल्या एका सभेत एका माजी सैनिकाने त्यांना पर्पल हार्ट भेट दिलं, तेव्हा ते म्हणाले की मला हे नेहमीच हवं होतं, हा मार्ग सोपा पडला. गंमत म्हणून बोलले असतील. त्या आठवड्यात ती गंमत कोणालाच ऐकू आली नाही. त्याच दिवशी त्यांनी रायन आणि मॅककेन यांना पाठिंबा द्यायचं टाळलं आणि ५ ऑगस्टला दिला. म्हणजे आणखी तीन दिवस पक्षातल्या भांडणाच्या बातम्या.

त्या दिवसांतल्या मतचाचण्यांत क्लिंटन यांची आघाडी वाढली. पण ती किती खान प्रकरणामुळे आणि किती अधिवेशनानंतर नेहमीच मिळते त्या उसळीमुळे, हे वेगळं करता येत नाही. कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एका पाहणीत दहापैकी सातांहून जास्त लोकांना ट्रम्प यांचं वागणं आवडलं नव्हतं, पण न आवडणं आणि मत बदलणं यात खूप अंतर आहे, हे आपल्यालाही माहीत आहे.

आणि मग नोव्हेंबर. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली आघाडी मिळून ८० हजारांच्या आत. देशभरातली एकूण मतं बघितली तर क्लिंटन यांना सुमारे २९ लाख जास्त. इतक्या काठावरच्या निवडणुकीत कोणतीही गोष्ट निर्णायक ठरवता येते आणि कोणतीही गोष्ट निरर्थकही. खान प्रकरणानंतर ऑक्टोबरमध्ये ट्रम्प बायकांबद्दल अश्लील बोलतानाची ती कुप्रसिद्ध ध्वनिचित्रफीत आली, महिनाअखेर क्लिंटन यांच्या ईमेल चौकशीबद्दल एफबीआयच्या प्रमुखांचं पत्र आलं. मधले तीन महिने कोणाच्या बाजूने किती वजन पडलं याचा हिशेब मांडणारे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. एवढंच म्हणेन की ‘जिंकले म्हणून बरोबर’ हा तर्क धरला, तर विजयी उमेदवाराची प्रत्येक चूक रणनीती ठरेल. कार्यकर्त्यांना हा तर्क फार आवडतो.

हे वेगळ्या तऱ्हेने हाताळता आलं असतं का? त्याच आठवड्यातली दोन उदाहरणं आहेत, आणि मला ती ट्रम्प यांच्या चुकीपेक्षा जास्त उपयोगी वाटतात.

पहिलं त्यांच्याच जोडीदाराचं, म्हणजे उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचं. १ ऑगस्टला नेवाडातल्या कार्सन सिटीमध्ये माइक पेन्स यांच्या सभेत एक बाई उठली. तिचा मुलगा सैन्यात होता. ट्रम्प सैनिकांचा अपमान करतात ते तुम्ही कसं सहन करता, असं तिने विचारलं. गर्दीने हुर्यो उडवली. पेन्स यांनी आधी गर्दीला थांबवलं, हेच स्वातंत्र्याचं रूप आहे असं काहीसं म्हणाले, तिच्या मुलाच्या सेवेबद्दल आदर व्यक्त केला, कॅप्टन खानला हिरो म्हटलं, आणि मग आपल्या उमेदवाराची बाजू मांडली. तिचं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी ‘पेन्स विरुद्ध सैनिकाची आई’ असा मथळा कोणाला करता आला नाही.

दुसरं उदाहरण क्लिंटन यांचं, आणि ते जास्त अवघड आहे. रिपब्लिकन अधिवेशनात १८ जुलैला पॅट्रिशिया स्मिथ या आईने भाषण केलं होतं. त्यांचा मुलगा शॉन २०१२ मध्ये लिबियात बेनगाझीच्या हल्ल्यात मारला गेला. त्याच्या मृत्यूला तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या हिलरी क्लिंटन वैयक्तिकरीत्या जबाबदार आहेत, त्या आमच्याशी खोटं बोलल्या, असा त्यांचा थेट आरोप. खान यांच्यापेक्षा कितीतरी जड, कारण इथे मुलाच्या मृत्यूचाच ठपका होता. ३१ जुलैला फॉक्सवर क्लिंटन यांना त्याबद्दल विचारलं गेलं. त्यांनी कुटुंबांबद्दल सहानुभूती व्यक्त केली, शोकातल्या माणसाबद्दल मनात राग नाही म्हणाल्या, आणि त्या क्षणी काय बोललं गेलं, काय नाही, हे त्यांना नीट आठवत नसेल असं सुचवलं. म्हणजे आरोप नाकारला. अनेकांना ते टोचलं. आईला खोटारडी म्हणण्याची सभ्य तऱ्हा आहे ही, असं विरोधकांनी म्हटलं, आणि ती टीका अगदीच चुकीची नव्हती. ‘आठवत नसेल’ हे मी लिहून दिलं नसतं. पण त्या तिथे थांबल्या. ट्वीट नाही, पुन्हा मुलाखत नाही, बाईंच्या हेतूवर शंका नाही. दुसऱ्या दिवशी चघळायला कोणाला काही मिळालं नाही.

ट्रम्प यांचे समर्थक तेव्हा विचारत होते की माध्यमांनी खान यांना जेवढं डोक्यावर घेतलं तेवढं स्मिथ यांना का नाही? प्रश्न योग्य आहे. त्याच्या उत्तरात माध्यमांचा कल हा भाग असेलच. पण मोठा भाग हा की एका उमेदवाराने वाद सात-आठ दिवस स्वतःच चालवला आणि दुसरीने एका उत्तरात सोडून दिला.

आपल्याकडचं म्हणाल, तर ‘जिंकले तरी काय’ याचं उदाहरण आपल्याच हेमंत करकरे यांच्या नावाशी जोडलेलं आहे. करकरे मालेगाव बॉम्बस्फोटाचा तपास करत होते, आणि त्यात आरोपी होत्या प्रज्ञासिंह ठाकूर. एप्रिल २०१९ मध्ये भोपाळच्या भाजप उमेदवार असताना ठाकूर यांनी, मी शाप दिला म्हणून करकरे मेले, अशा अर्थाचं विधान केलं. करकरे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत अतिरेक्यांच्या गोळ्यांनी गेले, नंतर त्यांना अशोक चक्र मिळालं. आता इथेही दोन पदर होते. कोठडीत माझा छळ झाला, हा ठाकूर यांचा आरोप होता. तो मांडायचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि मालेगाव खटल्यातले सगळे आरोपी पुढे २०२५ मध्ये निर्दोष सुटले. तेवढंच बोलल्या असत्या तर चर्चा त्या आरोपावर झाली असती. मृत्यूला शापाचं फळ म्हटलं आणि आरोप बाजूलाच राहिला. आयपीएस अधिकाऱ्यांच्या संघटनेने निषेध केला, पक्षाने ते त्यांचं वैयक्तिक मत असल्याचं सांगून हात झटकले, विधान मागे घ्यावं लागलं. पुढे त्या साडेतीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आल्या. म्हणून ते विधान पुन्हा कोणी उमेदवाराच्या भाषणात घालील का? निदान मी तरी नाही.

उलट बाजूनेही एक गोष्ट. २००८ मध्येच ताजमध्ये मारले गेलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन यांच्या वडिलांनी केरळचे मुख्यमंत्री अच्युतानंदन यांना घरातून परत पाठवलं होतं. त्यावर मुख्यमंत्र्यांच्या तोंडून, ते संदीपचं घर नसतं तर कुत्रंही तिकडे फिरकलं नसतं, असं वाक्य गेलं. काही दिवसांत त्यांना माफी मागावी लागली. ते अमेरिकेपासून कितीतरी दूर आणि डाव्या पक्षाचे. हा दोष एका पक्षाचा किंवा एका देशाचा नाही, दुखावलेल्या अहंकाराचा आहे. मोठ्या माणसाला बंद दार सहन होत नाही.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे? बरंच. ट्रम्प यांचा मतदार ‘हा माघार घेत नाही’ म्हणूनच त्यांच्यामागे उभा होता. माफी मागितली असती तर त्यांच्या काही समर्थकांना ती कमजोरी वाटली असती, हे मी नाकारत नाही. तुमच्या उमेदवाराकडे तसा कट्टर मतदार आहे का, हे आधी प्रामाणिकपणे तपासा. आमच्याकडे नगरपरिषदेचे उमेदवारही हल्ली ट्रम्पचे व्हिडिओ बघून अंगात आणतात. त्यांच्या मतदारसंघात मेलेल्या जवानाचं घर आणि यांचं घर एकाच गल्लीत असतं, मामेभाऊ-चुलतभाऊ लागतात, आणि दशक्रियेला दोघांनाही जायचं असतं. तिथे ‘माघार नाही’ फार महाग पडतं.

कुटुंबाने नेमका कसला आरोप केला आहे, हेही महत्त्वाचं. धोरणाबद्दल असेल तर धोरणावर बोला. पण ‘यांच्या कंत्राटामुळे’ किंवा ‘यांनी मदत अडवली म्हणून’ असा थेट ठपका असेल तर गप्प बसणं म्हणजे कबुली ठरते. तिथे कागद घेऊन उत्तर द्यावंच लागतं, तारखा आणि आदेशाच्या प्रती लावून. तेही शक्यतो उमेदवाराने न देता पक्षाच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने द्यावं, आणि त्या कुटुंबाच्या चारित्र्याबद्दल, खर्चाबद्दल, मिळालेल्या पैशाबद्दल एक अक्षर नको. कुटुंबातलंच कोणी निवडणुकीला उभं राहिलं असेल तर हिशेब पुन्हा बदलतो: त्याच्या भाषणाला उत्तर द्या, गेलेल्या माणसाला मधे आणू नका.

आणि मुसलमान कुटुंब असेल तर दुप्पट सांभाळा, असं मी सरळ सांगतो. त्यांच्याशी वेगळं वागायचं म्हणून नाही. तुमच्या तोंडून निघालेला साधा शेराही त्यांच्या धर्माबद्दलचा शेरा म्हणून ऐकला जाईल, आणि तुमचे स्वतःचे कार्यकर्ते तो तसाच पुढे पाठवतील. गझाला खान यांच्या गप्प राहण्याबद्दलचं वाक्य एखाद्या ख्रिस्ती आईबद्दल कोणी बोललंच नसतं. लिहिताना मी हीच कसोटी लावतो: हेच वाक्य जाधवांच्या किंवा कुलकर्ण्यांच्या आईबद्दल लिहिलं असतं का? नसेल तर खोडतो.

पहिल्या काही तासांत काय करायचं, ते विचारलंत म्हणून. पहिलं काम म्हणजे उमेदवाराचा फोन. तुमच्याकडे अकाउंटचा पासवर्ड असून उपयोग नाही, तो दुसऱ्या फोनवरून लाइव्ह जातो. रात्री त्याच्याजवळ त्याचं ऐकून घेईल असा आणि त्याला ‘साहेब, आज नको’ म्हणू शकेल असा माणूस बसवा. बहुधा ती बायको किंवा मोठी बहीण असते, आमच्यापैकी कोणी नाही. दुसरं, निवेदन काढायचंच असेल तर श्रद्धांजली आणि प्रत्युत्तर एका कागदावर घालू नका. आज दोन ओळींची आदराची पोस्ट. धोरणाचं उत्तर दोन दिवसांनी, वेगळ्या सभेत, त्या घराचं नाव न घेता. तिसरं, व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पष्ट लिहा की त्या घरातल्या कोणाचाही जुना फोटो, जुनी पोस्ट, जातीधर्माचा उल्लेख फिरवायचा नाही. ट्रम्प यांच्या समर्थकांनी खिझ्र खान यांच्याबद्दल नाही नाही ते संशय पसरवले, आणि त्याचाही हिशेब शेवटी उमेदवाराच्याच नावावर लागला.

भेटायला जायचं का, हे कुटुंबाला विचारून ठरवा. गावातल्या त्यांच्या जवळच्या माणसाकरवी निरोप पाठवा. ते नको म्हणाले तर नको, आणि आपण निरोप पाठवला होता हे बाहेर कोणाला कळता कामा नये. हो म्हणाले तर सकाळी लवकर, दोन माणसांत, गळ्यात पक्षाचं उपरणं न घालता जा. फोटोग्राफर गाडीतसुद्धा नको. एका उमेदवाराने असंच केलं होतं. कुटुंबाने पुढच्या सभेतही त्याच्याविरुद्धच भाषण केलं, अगदी तिखट. त्याचे कार्यकर्ते चिडले, ‘बघा, जाऊन काय मिळालं’ म्हणत होते. मी त्यांना म्हटलं, आपण काही मिळवायला गेलोच नव्हतो. आता उद्याच्या सभेत पाणीपुरवठ्यावर बोला, तोच आपला मुद्दा आहे.